ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने स्वतः गाडी चालवत: तयारी कुठून सुरू करायची आणि लोक कुठे चुकतात

मुलगा मेलबर्नला किंवा मुलगी सिडनीला स्थायिक झाली की नाशिकमधल्या गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोडकडच्या घरांमध्ये एक यादी तयार होते. सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, केर्न्स, मधलं ते लाल डोंगर असलेलं उलुरू, जमलंच तर पर्थ. सगळं गाडीने, दोन आठवड्यांत. अशा याद्या मला ‘जरा नजर टाका’ म्हणून येत राहतात आणि जवळपास प्रत्येकीत चुका त्याच असतात. गाडी चालवण्यात आपण कमी नाही. कसारा घाटात पावसाळ्यात ट्रकमागे तासभर सरकलेल्या माणसाला तिथले रस्ते सोपेच वाटतात. गडबड होते ती तयारीच्या क्रमात. विमानाची तिकिटं आधी निघतात, मग मार्ग ठरतो, आणि परवाना व क्रेडिट कार्ड शेवटच्या आठवड्यात आठवतं. खाली दिलेला क्रम म्हणून मार्गापासून सुरू होतो.

टप्पा १: किनाऱ्याचा एकच तुकडा निवडा

मोबाईलवर ऑस्ट्रेलिया वीतभर दिसतो. प्रत्यक्षात तो भारताच्या दुपटीहून मोठा आहे आणि लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. देशाला वळसा घालणारा ‘हायवे वन’ साधारण १४,५०० किलोमीटरचा आहे. सिडनी ते पर्थ रस्त्याने ३,९०० किलोमीटरच्या वर. ब्रिस्बेन आणि केर्न्स एकाच राज्यात, क्वीन्सलँडमध्ये, म्हणून लोक ती शेजारी धरतात. मधलं अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे. नाशिकहून नागपूर गाठून परत यावं आणि पुन्हा निम्म्या वाटेपर्यंत जावं, एवढं.

दोन-तीन आठवडे हातात असतील तर पुढच्यांपैकी एकच घ्या:

- सिडनी ते मेलबर्न, किनाऱ्याने. आतल्या ह्यूम हायवेने हे अंतर ८८० किलोमीटरच्या आसपास आहे, किनाऱ्याच्या प्रिन्सेस हायवेने सुमारे १,०५०. कायमा, जर्व्हिस बे, नरूमा, मेरिम्बुला, ईडन, लेक्स एन्ट्रन्स, विल्सन्स प्रोमोंटरी, फिलिप आयलंड अशी थांबायची ठिकाणं ओळीने येतात.
- मेलबर्न ते अॅडलेड, ग्रेट ओशन रोडने. टॉर्कीपासून सुरू होणारा हा रस्ता सुमारे २४० किलोमीटरचा. एका दिवसात मेलबर्नहून ‘ट्वेल्व्ह अपोसल्स’ (समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके) गाठून परत येणं म्हणजे दिवसभर वळणं घेणं; निदान एक मुक्काम करा.
- सिडनी ते ब्रिस्बेन. सुमारे ९२० किलोमीटर, रस्ता उत्तम, गावं जवळजवळ. बायरन बे याच वाटेवर.
- ब्रिस्बेन ते केर्न्स. ग्रेट बॅरियर रीफ पाहायचं असेल तर हा. यात गाडी चालवण्याचे दिवस जास्त लागतात.
- पर्थ ते एक्समाउथ. सुमारे १,२५० किलोमीटर. निंगालूचं प्रवाळ किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरून पाहता येतं. वस्ती मात्र विरळ.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून पहिला पर्याय सांगतो. रोज समुद्र दिसतो, रोज गाव लागतं, दोन्ही टोकांना मोठे विमानतळ आहेत आणि बहुतेकांचं कोणीतरी एका टोकाला राहतंच. उलुरू यादीत हवंच असेल तर विमानाने वेगळं करा. ते समुद्रापासून फार आत आहे.

टप्पा २: महिना तपासा, मगच रजा टाका

ऋतू उलटे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तर आणि दक्षिण वेगवेगळी वागतात हे मात्र विसरलं जातं.

आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथला शरद संपत आलेला. मेलबर्न गारठलेलं, समुद्र थंड आणि सिडनीला संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात हायवेवर गाडी चालवायची नाही (का, ते पुढे येईल), म्हणजे हातात दिवस लहान. याउलट मे ते ऑक्टोबर हाच उत्तरेकडच्या केर्न्स, ब्रूम, डार्विनचा कोरडा, सुखाचा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल उत्तरेत पाऊस, वादळं, पाण्याखाली जाणारे रस्ते, आणि त्याच सुमारास समुद्रात विषारी जेलीफिश.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर तिथे वसंत असतो. सिडनी-ब्रिस्बेन किंवा सिडनी-मेलबर्न दोन्ही छान. डिसेंबरचा मध्य ते जानेवारी अखेर तिथल्या शाळांची मोठी सुट्टी. किनाऱ्यावरच्या केबिन महिनोन् महिने आधी भरतात आणि दर चढतात. फेब्रुवारी-मार्च माझ्या मते दक्षिण किनाऱ्यासाठी सगळ्यात चांगला: पाणी उबदार, गर्दी ओसरलेली. मुलांच्या परीक्षा आड येतात, हे खरंच.

तपासा: निवडलेला तुकडा आणि महिना एकमेकांना धरून आहेत का? नसतील तर तुकडा बदला. महिना बदलणं रजेमुळे बहुधा जमत नाही.

टप्पा ३: किलोमीटरचे तास करा आणि शेवटून मागे या

हा टप्पा वगळलात तर बाकी सगळं नीट करूनही सहल फसते.

एक कागद घ्या. परतीचं विमान सर्वात खाली लिहा. त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम त्याच शहरात. त्याच्या आधीचा दिवस मोकळा ठेवा. पाऊस, वणवा, गाडीचा बिघाड, मुलाचं पोट, काहीही झालं तर तो दिवस कामाला येतो. मग एकेक मुक्काम मागे येत पहिल्या दिवसापर्यंत पोचा. पुढून आखत गेलं की सगळी वेळेची ओढाताण शेवटच्या तीन दिवसांवर येते आणि ग्रेट ओशन रोडसारखा रस्ता विमान गाठण्याच्या घाईत कापावा लागतो.

नकाशावरचं अॅप जी वेळ दाखवतं ती निव्वळ चाकं फिरण्याची. तिच्यात तृतीयांश वाढवा. किनाऱ्याच्या मार्गावर एका दिवसाला ३०० किलोमीटर ही वरची मर्यादा धरा. ‘समृद्धीवर आपण सहज सहाशे मारतो’ हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. मारता येतात, पण मग समुद्र काचेतूनच दिसतो. शिवाय प्रिन्सेस हायवे बराचसा दोन पदरी आहे. जंगलातून, गावातून जातो आणि गाव आलं की वेग ५०वर येतो.

दर तिसऱ्या दिवशी एकाच ठिकाणी दोन रात्री ठेवा. कपडे धुणं, वाळवणं, सामान लावणं यालाही दिवस लागतो. चार जणांच्या कुटुंबात तर नक्कीच.

घड्याळाकडेही लक्ष द्या. न्यू साउथ वेल्स ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ तासभर पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. उन्हाळ्यात बायरन बेकडून उत्तरेला सीमा ओलांडली की एक तास मिळतो. उलट येताना तो जातो, आणि त्यात विमान चुकू शकतं.

टप्पा ४: कागदपत्रं, याच क्रमाने

*पहिला व्हिसा.* भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी सबक्लास ६०० हा व्हिसा लागतो, अर्ज ऑनलाइन. काही देशांच्या नागरिकांना मिनिटांत मिळणारा इलेक्ट्रॉनिक परवाना आपल्याला लागू नाही. नातेवाईक सांगतात म्हणून त्या फॉर्ममागे लागू नका. आजी-आजोबा ७५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतील तर वैद्यकीय तपासणी लागते, तिला वेळ धरा.

*मग आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी.* अर्ज ‘सारथी’ पोर्टलवरून, काम पेठ रोडच्या आरटीओत. फॉर्म ४-अ, चालू लायसन्स, पासपोर्ट आणि १,००० रुपये शुल्क. व्हिसाची प्रत आणि वैद्यकीय दाखल्याचा फॉर्म १-अ सोबत ठेवा, मागितलं तर पुन्हा फेरी नको. व्हिसा आधी म्हटलं ते याचसाठी. हा परवाना एक वर्ष चालतो, किंवा लायसन्स आधी संपत असेल तर तोपर्यंत. म्हणून फार आधीही काढू नका.

आयडीपी एकट्याने चालत नाही. मूळ लायसन्स खिशात हवंच. ‘आंतरराष्ट्रीय मिळालं, आता नाशिकचं घरी कपाटात ठेवतो’ असं करणारे महाभाग आहेत. लायसन्स इंग्रजीत असेल तर पाहुण्याला सहसा त्यावरही चालवता येतं, पण भाड्याच्या बऱ्याच कंपन्या आयडीपी मागतात आणि काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो. जुनं पुस्तकासारखं लायसन्स असेल तर आधी स्मार्ट कार्ड करून घ्या.

*मग नावं जुळवा.* आपल्याकडे हे हमखास अडतं. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण. लायसन्सवर आडनाव आधी. क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरं. लग्नानंतर बदललेलं आडनाव एका कागदावर नवं, दुसऱ्यावर जुनं. गाडी देणारा माणूस लायसन्स आणि कार्ड शेजारी ठेवून पाहतो. दोन्हींवर एकच व्यक्ती दिसली पाहिजे.

*शेवटी कार्ड.* अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. बुकिंग बाबांच्या नावावर, कार्ड मुलाचं, असं चालत नाही. फॉरेक्स प्रीपेड कार्ड बऱ्याच काउंटरवर अनामतीसाठी घेत नाहीत. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करा, मर्यादा वाढवा आणि ओटीपी येणारा नंबर तिथे चालू राहील याची सोय निघण्याआधी करा.

इशारा: गाडी सर्वांनी आळीपाळीने चालवायची असेल तर प्रत्येक चालकाचं नाव करारात घाला. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करतो.

टप्पा ५: गाडी आणि तिचा विमा

चौघांना आणि चार मोठ्या बॅगांना सेदान पुरत नाही. मध्यम एसयूव्ही घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह या मार्गांवर लागत नाही. गारी बेटावर (फ्रेझर आयलंडचं २०२३ पासूनचं अधिकृत नाव) वाळूतून जायचं असेल तरच ती लागते, सोबत वाहनाचा परवाना आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. साधी भाड्याची गाडी वाळूत नेणं करारात बहुधा बंदच असतं, कच्च्या रस्त्यांचंही तसंच. अशा जागी एक दिवसाची बस-सफर घ्या.

गाड्या जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक. हाताला सवय नसेल तर जाण्याआधी कोणाची तरी ऑटोमॅटिक मागून रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला दोन-चार फेऱ्या मारा. डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडतो, तो प्रकार इथेच होऊन जाऊ दे. गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच, एवढी आपली सोय आहे. इंडिकेटर आणि वायपरचे दांडे मात्र परक्या गाडीत नीट पाहून घ्या.

कॅम्परव्हॅनचा मोह सगळ्यांना पडतो. दोघं असाल, पाठ धड असेल आणि रोज पाणी भरणं, सांडपाणी सोडणं, वीज जोडणं यात गंमत वाटत असेल तर घ्या. सासूबाई आणि लहान मूल सोबत असेल तर कॅराव्हान पार्कमधली केबिन घ्या: स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, आणि पावलावर किनारा. शहरात रस्त्याकडेला गाडीत झोपलात तर पालिका दंड करते.

आता विमा. भाड्यात साधा विमा असतो, पण नुकसान झालं तर स्वतः भरायची ‘एक्सेस’ नावाची रक्कम तुमच्या डोक्यावर राहते आणि ती हजारो डॉलर असू शकते. ती कमी करायचे दोन मार्ग: काउंटरवर रोजचे जास्त पैसे, किंवा भारतातून प्रवास विमा घेताना भाड्याच्या गाडीचा एक्सेस समाविष्ट असलेली पॉलिसी. दुसरा स्वस्त पडतो, पण त्यात आधी कंपनी तुमच्या कार्डातून कापते आणि मग तुम्ही विम्याकडून वसूल करता. काच, टायर, छत आणि गाडीचा तळ यांचे कलम स्वतंत्र वाचा. ते बऱ्याचदा वगळलेले असतात.

एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचं वेगळं शुल्क असतं. ते भाड्याच्या पहिल्या आकड्यात दिसत नाही, शेवटच्या पानावर दिसतं.

टप्पा ६: बॅगेतलं खाणं

विमानात एक कार्ड भरावं लागतं: खाद्यपदार्थ, बिया, लाकूड, प्राण्यांपासून केलेलं काही आणलंय का? उत्तर ‘हो’ लिहायला लोक घाबरतात आणि तिथेच फसतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली सापडली तर जागेवर दंड, व्हिसादेखील रद्द होऊ शकतो. नातवासाठी आईने स्वतः केलेले पेढे तपासनीसाच्या टेबलावर उघडले जातात तेव्हा ‘घरचेच आहेत हो’ हे काम करत नाही.

पेढे, बर्फी, खव्याचं काहीही, ताजा कढीपत्ता, फळं, बिया, रोपं घरीच ठेवा. कारखान्यात बंद झालेला, लेबल असलेला चिवडा, मसाले, चहा सोबत असेल तर एकाच पिशवीत, वरच्या बाजूला ठेवा आणि कार्डावर ‘हो’. तांदूळ, डाळी, पोहे, हळद तिथे मिळतं. सिडनीत हॅरिस पार्क आणि मेलबर्नमध्ये डँडेनाँगला तर आपल्याकडच्यासारखी किराणा दुकानं आहेत. रोड ट्रिपचा शिधा तिथेच भरा.

प्लग तिरक्या पात्यांचा असतो, अॅडॉप्टर लागतो, व्होल्टेज आपल्यासारखंच.

टप्पा ७: उतरल्यावर, आणि पहिला दिवस स्टिअरिंगवर

उतरलेल्या दिवशी गाडी घेऊ नका. रात्रभराचं विमान आणि साडेचार-साडेपाच तास पुढचं घड्याळ. त्या झोपेत परक्या शहराचा ट्रॅफिक नको. मेलबर्न किंवा सिडनी शहर पायी आणि रेल्वेने पाहा, गाडी शहर सोडायच्या सकाळी घ्या. पार्किंगचे पैसेही वाचतात.

ताब्यात घेताना घाई करू नका. चहूबाजूंनी, छत, चारही चाकांच्या रिम, पुढची काच, डिकीतलं सुट्टं चाक आणि डॅशबोर्डवरचं इंधन व किलोमीटर, एकसलग व्हिडिओ घ्या. काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका असेल तरी कर्मचाऱ्याला दाखवून कागदावर लिहून घ्या. पार्किंगच्या तळघरात उजेड कमी असतो. गाडी बाहेर काढून पुन्हा एकदा पाहा आणि काही दिसलं तर तिथल्या तिथे परत जा. टोलची सोय विचारा: सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनला टोलनाके नाहीत, वरचा कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल कार्डावर येतं.

मग सवयी. आपल्या हाताला लागलेल्या पुढच्या सवयी तिथे दंड देतात:

- लाल सिग्नलला डावीकडे वळणं. आपल्याकडचं ‘फ्री लेफ्ट’ तिथे नाही. स्पष्ट पाटी असेल तरच वळा.
- सर्कलला घुसणं. आपल्याकडे जो आधी नाक खुपसेल तो जातो. तिथे सर्कलमध्ये आधीच असलेल्याला वाट द्यायची आणि थांबायचं.
- झेब्रा क्रॉसिंग. माणूस पाय टाकायच्या बेतात दिसला की गाडी थांबलीच पाहिजे.
- मोबाईल. हातात धरणं बंद, सिग्नलला उभे असतानाही. कॅमेरे वरून काचेतून फोटो काढतात. दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते, ती तुमचं नाव देते आणि त्या कामाचे वेगळे पैसे लावते.
- उजवी लेन अडवून चालणं. ८०च्या वर वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर उजवी लेन ओव्हरटेकपुरतीच.
- शाळेजवळ. पाटीवर लिहिलेल्या वेळांत बहुतेक ठिकाणी ४०. खरोखर ४०.
- उलट तोंडाने गाडी लावणं. वाहतुकीच्या दिशेनेच तोंड हवं.

मेलबर्नच्या मध्यवस्तीत ट्रामच्या रस्त्यावर काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं. त्याला हुक टर्न म्हणतात, पाटी असते. न जमलं तर सरळ जा आणि पुढे तीन वेळा डावीकडे वळा. दारूची मर्यादा ०.०५ आणि तपासणी कुठेही, दुपारीसुद्धा.

टप्पा ८: रोजचा दिवस कसा लावायचा

सूर्य वर आल्यावर निघा आणि मावळायच्या तासभर आधी मुक्कामाला पोचा. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. समोर उडी आली तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. स्टिअरिंग झटकून वळवलं की गाडी झाडावर जाते किंवा उलटते. निर्जन भागात सूर्यास्तानंतर गाडी चालवायला काही कंपन्यांच्या करारातच मनाई असते.

दर दोन तासांनी थांबा, चालक बदला.

पेट्रोल स्वतः भरायचं. फलकावर १८९.९ असं दिसलं तर ते एका लिटरचे सेंट आहेत, म्हणजे एक डॉलर नव्वद सेंटच्या आत. टाकीच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचूनच नळी निवडा: ई१०, ९१, ९५, ९८ हे पेट्रोलचे प्रकार आणि डिझेल शेजारी-शेजारी टांगलेले असतात. नळी परत अडकवा, पंपाचा नंबर लक्षात ठेवा, आत जाऊन पैसे द्या. मोठ्या शहराबाहेर अर्धी टाकी झाली की भरायची, एवढा एकच नियम ठेवा.

जेवणाच्या वेळा लहान गावांत कडक. कॅफे दुपारी तीनला आवरतात, संध्याकाळचं स्वयंपाकघर आठला बंद. शाकाहारी असाल तर दुपारचा डबा सकाळीच करा. किनाऱ्यावरच्या बागांत फुकट इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात. फॉइल अंथरून त्यावर पनीर, बटाटे, कणसं उत्तम भाजतात. वापरून झालं की पुसायचं, पुढचा माणूस उभा असतो.

इशारा: मोटेलच्या खोलीत मोहरी-हिंगाची फोडणी करू नका. छतावरचा धूरसूचक वाजतो, काही इमारतींत थेट अग्निशमन दलाला निरोप जातो आणि खोट्या बोलावण्याचं बिल पाहुण्याला लागू शकतं. फोडणी करायचीच तर केबिनमध्ये, पंखा चालू आणि दार उघडं ठेवून.

टप्पा ९: पाण्यात उतरण्यापूर्वी

गणपतीपुळे, हरिहरेश्वरच्या लाटा माहीत असलेल्यालाही हा भाग वाचावा लागेल.

लाल-पिवळे झेंडे रोवलेल्या पट्ट्यातच उतरायचं. झेंडे नाहीत म्हणजे जीवरक्षक नाही. रोजचं संकट शार्क नव्हे, ‘रिप’ आहे: किनाऱ्यावर आलेलं पाणी एका चिंचोळ्या वाटेने जोरात आत परत जातं. वरून पाहिलं तर दोन बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा गडद, गुळगुळीत, शांत दिसतो. पोहता न येणारा माणूस नेमका तो शांत पट्टा निवडतो. म्हणून आधी पाच मिनिटं उंचावर उभं राहून पाणी पाहा. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे उलट पोहून दम घालवू नका. तरंगा, हात वर करा, जमलं तर आडवं, फुटणाऱ्या लाटांकडे सरका.

गुडघाभर पाण्यातही साडी किंवा जीन्स घालून उभं राहू नका. ओलं कापड पायात अडकतं. खडकांवर फोटो काढताना समुद्राकडे पाठ नको.

उत्तर क्वीन्सलँडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा मोसम. पाण्यात उतरायचं ते जेलीफिश अडवणाऱ्या जाळीच्या आत, अंगभर सूट घालूनच. किनाऱ्यावर व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते ती डंखावर ओतायला. मगरीची पाटी दिसली तर नदीच्या मुखाशी, खाडीकाठी मुलांना खेळू देऊ नका, पाणी कितीही संथ दिसो.

ऊन आपल्यापेक्षा कमी वाटतं आणि जास्त भाजतं. सावळ्या कातडीलाही. एसपीएफ ५०, टोपी, पूर्ण बाह्या.

टप्पा १०: वस्ती विरळ असलेले पट्टे

पर्थच्या उत्तरेला किंवा दक्षिणेकडच्या नलारबॉर या ओसाड मैदानातून जाणार असाल तरच हे. नलारबॉरमधून जाणाऱ्या आयर हायवेवर नॉर्समन ते सेदुना सुमारे १,२०० किलोमीटर फक्त रोडहाउस, म्हणजे पेट्रोल-खाण्याचे एकांडे थांबे, लागतात. एके ठिकाणी रस्ता १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. झोप येते ती तिथे.

माणशी, दिवशी पाच लिटर तरी पाणी गाडीत ठेवा. नेटवर्कसाठी टेल्स्ट्राचं सिम घ्या, नकाशे आधीच उतरवून घ्या. ५० मीटरहून लांब रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) ओव्हरटेक करायला समोर किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसायला हवा. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. पाणी वाहत असलेल्या रस्त्यात गाडी घालू नका. आपल्याकडच्या फरशी पुलावरून घालतो तशी तर नाहीच. आणीबाणीचा नंबर ०००, मोबाईलवरून ११२ही लागतो.

राज्याच्या सीमेवर फळ-भाजी तपासतात. पश्चिमेला जाताना यूक्लाजवळ आणि पूर्वेला येताना सेदुनाला फळं, भाज्या काढून घेतात. पश्चिमेला मधही नेता येत नाही. सीमेच्या आदल्या दिवशी द्राक्षं-सफरचंदं संपवा, नवीन घेऊ नका.

टप्पा ११: गाडी परत देताना

आदल्या संध्याकाळी वाळू झाडा. गालिच्यात अडकलेली वाळू सफाईच्या बिलात येते. जवळच्या पंपावर टाकी पूर्ण भरा आणि पावती ठेवा. पुन्हा तसाच व्हिडिओ. शक्यतो कर्मचारी हजर असलेल्या वेळेत द्या. किल्ली पेटीत टाकून गेलात तर गाडी नंतर तपासली जाते आणि तोवर पार्किंगमध्ये कोणी घासून गेलं तरी तुमच्याच नावावर. तासभर उशीर झाला तर काही ठिकाणी पूर्ण दिवसाचं भाडं लागतं.

टोल आणि दंडाची बिलं नाशिकला परतल्यावरही येतात, कधी महिन्याभराने. अनामत सुटायलाही बँकेनुसार वेळ लागतो. तोवर ते कार्ड बंद करू नका, व्हिडिओ मोबाईलमधून पुसू नका आणि कराराची प्रत मेलमध्ये शोधता येईल अशी ठेवा.